देवरावांची बिही

कांता सिंदेवाहीला बहिणीच्या बाळंतपणासाठी निघाली, तेव्हा फाटकात थांबून तिनं बापूरावांना बजावलं, "सैपाक जमला नाई तं खानावळीत जेवजा. पण माह्या दादाच्या झाडाले काई झालं नाई पायजे!"

दादा म्हणजे देवराव, फौजेतले हवालदार. पावसाळ्यात सुट्टीवर येताना त्यांनी काश्मीरहून बिहीचं छातीभर उंच रोप तुपाच्या डब्यात घालून, गाड्या बदलत बदलत, मूल गावी बहिणीच्या घरापर्यंत आणलं होतं. बाजारात मिळतो तो बिहीदाणा या झाडाच्या फळातला. "मुरब्बा खायले येईन," असं ते सांगून गेले होते. बापूरावांच्या हातून काहीच टिकत नाही, हे देवरावांचं बहिणीच्या लग्नापासूनचं मत. ते खोटं पाडायची बापूरावांना फार हौस होती.

कांता गेली आणि पौषात पानं पिवळी पडली. बापूरावांनी पाणी वाढवलं. पानं गळायला लागली. झाडाला थंडी बाधली असं ठरवून त्यांनी त्याला स्वतःचा मफलर गुंडाळला आणि शेजारी शेकोटी पेटवली. बर्फात वाढलेल्या झाडाला मूलची थंडी काय बाधणार, हा विचार त्यांना शिवला नाही. शेकोटीनं मफलर तेवढा जळला.

शेवटचं पान पडलं, तेव्हा शेजारच्या ठमाबाई आल्या. त्यांनी खोडावर टिचकी मारली.

"मेलं भाऊ हे."

"पण बाई, पानं तं सागाचीबी झडते!"

"साग उन्हाळ्यात झडते. हिवाळ्यात झडलं, ते गेलं समजा."

जंगलाकाठी जन्म काढलेल्या बाईचं खोटं कसं असेल?

"कांताले काय सांगू आता?"

"सांगता काहाले? जांबाचं रोप लावा तिथी. हिरवं दिसल्याशी मतलब."

बापूरावांनी रडकुंडीला येऊन झाड उपटलं आणि तिथं पेरूचं रोप लावलं. फांद्यांचे तुकडे ठमाबाईंनी वालाच्या वेलांना टेकू द्यायला नेले.

फाल्गुनात कांता परतली, ती सुट्टीवर आलेल्या देवरावांना घेऊनच. हवालदार चहा न घेता थेट परसात गेले.

"भाऊजी, हा तं जांब आहे!"

बापूराव मागून धावत आले. "ते... थंडीत पानं झडली..."

"झडतीनच ना! हिवाळ्यात झोपते ते झाड. आता पालवी फुटली असती. केलं काय तुमी त्याचं?"

कांताच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून बापूरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता खरं सांगून मोकळं व्हावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तोच कुंपणापलीकडून हाक आली.

"बापूरावभाऊ, तुमच्या काड्या घेऊन जा! वाल सुकला, अन् ह्याच फुटून राह्यल्या!"

सगळे धावले. वाळलेल्या वेलांमध्ये एकेका काडीला कोवळी पानं आली होती. देवरावांनी एक हळूच हलवून पाहिली. तिनं माती घट्ट धरली होती.

"कलमं लावली तुमी? तिकडं अशीच लावते बिही! अन् मी तुमाले बावळट समजत होतो!"

बापूरावांनी ना होकार, ना नकार, अशी मान हलवली. ठमाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"पुढच्या सुट्टीत सफरचंद आणतो, अक्रोडबी आणतो," देवराव रंगात आले. "झाडं सांभाळाले तुमच्यासारखाच माणूस पायजे!"

कांतानं डोळे पुसले. कुंपणावर लोंबणारा जळका मफलर तिनं नीट निरखला, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"आणा ना दादा," ती म्हणाली. "झाडाजवळ मी राहीन. पुढच्या बाळंतपणाले ह्यायलेच धाडीन."