हर्षालीसाठी शाळा बघताना

हर्षालीला पहिलीत घालायची वेळ आली, तेव्हा तिच्या वडलांनी, म्हणजे अमृतने, जाहीर केलं की आधी शाळा बघायची आणि मगच पोरगी घालायची. मढजवळच्या त्यांच्या गावात झेडपीच्या शाळा दोनच. एक गावातली, देवळाशेजारी. दुसरी वरच्या वाडीतली.

"गावातली जवळ हाय," त्याची बायको रत्ना म्हणाली. "त्यात बघायचं काय?"

"ट्रॅक्टर घेताना आळेफाट्याला सगळी दुकानं पालथी घातली व्हती मी. पोरगी काय ट्रॅक्टरपेक्षा कमी हाय का?"

(तो ट्रॅक्टर चढ दिसला की बंद पडतो. पण रत्नाने मोठ्या मनाने तो विषय काढला नाही.)

इस्त्रीचा शर्ट घालून अमृत आधी गावातल्या शाळेत गेला. रामनाथ सर नुकतेच बदलून आले होते. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. अमृतला वाटलं, सरांना बरं वाटावं म्हणून दुसऱ्या शाळेला थोडी नावं ठेवावीत.

"वरच्या शाळेतल्या बाई लई कडक हायेत म्हणं. समोरच्याला बोलूच देत न्हाईत."

"खरंय," सर म्हणाले. "मलाही देत नाहीत."

"मीटिंगमधी का?"

"नाही, घरी. मिसेस आहेत माझ्या."

चहा अमृतच्या नाकात गेला. सरांनीच त्याची पाठ थोपटली आणि म्हणाले, "तरी जाऊन बघा. शाळा छान चालवते ती."

आता न जावं तर सरांना काय वाटेल, आणि जावं तर बाईंना काय सांगावं, या विचारात त्याची मोटारसायकल वाडीला पोचली. सरांचा फोन तिच्या आधीच पोचला होता. बाई दारातच उभ्या होत्या.

"या. मी कडक आहे, पण आत यायला मनाई नाही. मुलांना हवं ते विचारा."

अमृतने घाम पुसला आणि चौथीतल्या एका मुलीला विचारलं, "सतरा नव्वे किती?"

"एकशे त्रेपन्न."

उत्तर अमृतला माहीत नव्हतं. पण शाळा बघायला आलेल्या माणसाने काहीतरी चूक काढायलाच हवी, म्हणून तो म्हणाला, "चूक."

मुलीने त्याच्याकडे मायेने बघितलं. "काका, सतरा दाहे एकशे सत्तर. आता त्यातनं सतरा काढा."

अमृत काढायला लागला. सगळा वर्ग थांबून राहिला. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "हां, बराबर हाय." पोरांनी टाळ्या वाजवल्या. कुणासाठी, हे त्याने विचारलं नाही.

घरी येताच त्याने सांगून टाकलं, "वरची शाळा. पोरं हुशार हायेत."

"तुमी वर गेलात, तेवढ्यात मी हर्षालीचं नाव गावातल्या शाळेत घालून आले," रत्ना भाकरी थापत म्हणाली.

"मग मला कशाला हिंडू दिलं?"

"तुमी बाहेर असलात की घरातली कामं उरकत्यात."

दुसऱ्या दिवशी रामनाथ सरांनी पहिलीच्या पोरांची ओळख करून घेतली. हर्षालीचा नंबर आला, तेव्हा त्यांनी विचारलं, "तुझे पप्पा काय करतात गं?"

हर्षाली उभी राहिली. "शाळा बघत्यात," ती म्हणाली. "पण त्यांना अजून कुणी घेतलं न्हाई."