कोरल बेलचा लाल्या

भिमाजीनं एवढंच ठरवलं हुतं, की सुनंचं झाड बरं करायचं. पर साधी गोष्ट साधी राहू दील तर त्यो भिमाजी कसला!

झालं आसं. कालवनात मीठ जास्त पडलं म्हनून त्यो नव्या सुनंवर, आरतीवर, वरडला. (त्याचं कुजबुजनंबी शिवंपल्याड जातं, तर वरडनं कुठवर गेलं आसंल ते तुमीच धरा.) तवापास्नं आरती गप्प. इचारलं तर मान हलवायची, बास. म्हायेर राहात्याचं, मूळची बडबडी पोर, आन् आता घरात सून आसून घर सुनंसुनं.

बायडाबाई, त्याची बायकू, म्हनली, "चुकलं म्हना की एकदा. जीभ झिजती का?"

"मी? सुनंला? तुला तरी कवा म्हनलोय?"

"त्येच तर म्हंते मी."

मग एका सकाळी पोरगा आदिनाथ आरतीला गाडीवर बसवून जामखेडला तिच्या मावशीकडं घिऊन गेला. का, ते कोनी सांगितलं न्हाई. भिमाजी मनात हिशेब करू लागला. आज मावशी, उद्या म्हायेर. पोर परत आलीच न्हाई तर?

चुकलं म्हनायचं न्हाई, पर चुकलेलं भरून काढायचं, आसा रस्ता त्यो हुडकत हुता. तवाच रांजनाजवळच्या कुंडीवर नजर गेली. आरतीच्या भावानं महाबळेश्वराकडच्या नर्सरीतनं आनलेलं झाड, कोरल बेल. लेकरावानी जपायची ती त्याला. भिमाजीनं वाकून बघितलं. समदी पानं लालजांभळी!

"लाल्या!" त्यो म्हनला. लाल्या रोग आला की पानं लाल पडून कपाशीचं उभं रान बसतं, ते त्यानं भोगलेलं.

पान खिशात घालून त्यो इम्रानच्या खताच्या दुकानात गेला.

"पीक कंचं, तात्या?"

"बेल."

"आवं, हे पान बेलाचं व्हय?"

"डाक्टर तू का मी?"

"दोघंबी न्हाई, तात्या."

"मग गप औषिध दे!"

भिमाजीनं काय कसर ठिवली न्हाई. औषिध फवारलं. उसाला टाकतो तसा मुठीनं युरिया टाकला. बुंध्याला मातीची भर लावली, पार कोंब बुडंपत्तुर. आन् कुंडी उचलून भर उन्हात. "उन्हाबिगर कवा पीक आलंय?" (झाडाला तोंड आसतं तर म्हनलं आसतं, बाबा, त्यो लाल्याच बरा हुता.)

दोन दिसांत पानं चहाच्या चोथ्यावानी झाली.

आन् आरती परत आली. तिनं कुंडी बघितली, आन् आवाज फुटला. शेजारची बसलेली शेळी उठून हुबी राहिली.

"कोनी केलं हे?"

"मी... लाल्या झाल्ता त्याला."

"आवं मामा, रंगच त्यो हाय त्याचा! त्या पानांपायीच लावत्यात. त्याला सावली लागती, कोंब मातीच्या वर लागतो, न्हाईतर सडतो. आन् युरिया? इतकुश्या कुंडीत?"

भिमाजीला राग येईना. पोर बोलती तरी, एवढंच मनात.

आरतीनं झाड उपसलं, मुळ्या धुतल्या, करपलेली पानं कातरली. खाली बोटभर कोंब टनक निघाला. "जितं हाय," ती म्हनली. भिमाजी गुमान नवी माती आन् वाळू घिऊन आला. कुंडी धरून बसल्या बसल्या त्याच्या मनात आलं, आपल्या रागाचाबी रंगच त्यो आसंल का? मग पुना वाटलं, न्हाई, ही पळवाट झाली. झाडाचा रंग कुनाला भाजत न्हाई.

त्यानं घसा खाकरला. "चुकलं, पोरी."

चुलीपाशी बायडाबाईच्या हातातली पळी पडली.

"झाडाचंबी चुकलं, आन् त्या दिवशीचंबी," भिमाजी म्हनला. "तवापास्नं तू बोललीच न्हाईस."

"कशी बोलनार? दाढ सुजली हुती! तोंड उघडंना. जामखेडात काढून आले."

"मग मला का न्हाई सांगितलं?"

"दवाखान्याचं नाव काढलं की वरडता म्हनून."

भिमाजीनं हातातली कुंडी खाली ठिवली. "म्हंजी, मी वरडलो त्याचा राग न्हवता? त्या दिवशीचा?"

आरती लई वेळ आठवत बसली.

"कंच्या दिवशीचा, मामा? तुमी तर रोजच वरडता."