चष्मेवाल्याला बोलतं करायचं होतं

"अर्ध्या तासात बोलतं करून आणते त्याला, बघाच तुम्ही!" ताईने नवऱ्याला ठणकावलं आणि त्यांच्यासकट धाकट्या भावाला गाडीत कोंबलं.

भाऊ चष्मेवाला. बायको देवाघरी गेली तेव्हापासून त्याची वाचाच बसली होती. दुकान उघडायचा, पण लक्ष कुठे ठिकाणावर? परवा तर कहर झाला! मुख्याध्यापकांचा चष्मा शिंप्याला दिला, शिंप्याचा मुख्याध्यापकांना. मुख्याध्यापक भलत्याच शाळेत जाऊन पोरांवर ओरडून आले आणि शिंप्याने एका सदऱ्याला तीन बाह्या लावल्या! गिऱ्हाईक तुटायला लागलं. असंच चाललं तर दुकानाला कुलूप लागेल आणि भाऊ अंथरूण धरेल, या धास्तीने ताईला घास गोड लागत नव्हता. म्हणून तिने समुपदेशक बाईंची वेळ घेतली.

बाईंसमोर दोनच खुर्च्या. एकीवर ताई बसली, दुसरीवर मेहुणे. ज्याच्यासाठी आले तो भिंतीला टेकून उभा!

"आडवं पडून बोलावं लागतं का हो?" ताईने सुरुवात केली.

"नाही, बसूनच."

"गोळ्या?"

"मी देत नाही. आपण बोलायचं."

"नुसतं बोलायचं? ते तर मी घरी रोज करते! बरं, किती दिवसांत बरा होईल?"

"ते आत्ताच कसं सांगणार?"

"म्हणजे चष्म्यासारखं 'गुरुवारी या, घेऊन जा' असं नाही! आणि बाहेर कुणाला कळणार नाही ना?"

"इथलं इथेच राहतं."

"बरं झालं बाई! आम्हीही कुणाला सांगितलं नाही. फक्त शेजारी, दूधवाला आणि ह्यांचं ऑफिस."

बाईंनी भिंतीकडे बघत विचारलं, "झोप लागते का तुम्हाला?"

"कुठली झोप!" ताई म्हणाली.

"लागते की! चांगला घोरतो," मेहुणे म्हणाले.

"घोरता तुम्ही! मी रात्र रात्र छताकडे बघत पडते!"

"म्हणून तर मी बाहेरच्या खोलीत झोपतो!"

"म्हणून? सासूबाई आजारी पडल्या तेव्हापासून झोपता तिथे! मी एकटी उठत होते त्यांच्यासाठी. एका शब्दाने विचारलंत, दमलीस का गं?"

आणि ताईला रडू फुटलं! मेहुणे खिसे चाचपत राहिले, रुमाल काही मिळेना. बाई दोघांची समजूत घालत होत्या. पाणी आणून दिलं ते चष्मेवाल्यानेच. शेवटी बाईंनी त्या जोडप्याला वेगळी वेळ दिली आणि बाहेर बसवलं.

"आता तुम्ही सांगा," बाई म्हणाल्या. "काय होतंय तुम्हाला?"

खुर्चीत बसता बसता त्याने सवयीने शेजारी पाहिलं. कुठल्याही डॉक्टरकडे गेलं की शेजारी बायको असायची. सर्दी ह्याला, सांगायची ती. ह्याने तोंड उघडायचं ते फक्त जीभ दाखवायला! आज शेजारची खुर्ची रिकामी होती, आणि आपल्याला काय होतंय हे बिचाऱ्याला खरंच सांगता येईना.

मग मान खाली घालून तो हळूच बायको सांगायची तसं सांगायला लागला.

"ह्यांना झोप नाही हो, डॉक्टर. ताटावर बसतात आणि तसेच उठतात. दुकानातून आले की दारातूनच मला हाक मारतात, मग आठवतं. ह्यांना करमत नाही माझ्यावाचून. आणि तुम्ही विचारलंत ना, तर 'काही नाही' म्हणतील!"

बाईंनी विचारलं, "खरं का हो हे?"

त्याने घाईघाईने बाहीने डोळे पुसले.

"छे! काही नाही."