सबवूफर, सासूबाई आणि मागची खोली

सासरेबुवांचा जुना सबवूफर दुरुस्त करण्यात माझा फायदा काय होता, ते आधीच सांगून टाकतो. त्यांच्या घराची मागची खोली! एक खिडकी, एक भक्कम टेबल आणि दाराला आतून कडी. बायकोने माझं सोल्डरिंगचं सामान स्वयंपाकघरातून हद्दपार केल्यापासून मी इमारतीच्या जिन्यात बसून रेडिओ जोडत होतो. सासरेबुवा म्हणाले, "जावईबापू, हा ठोकळा बोलता करा, खोली तुमची!" सौदा इतका स्वस्त, की मला त्यांची दयाच आली.

सबवूफर म्हणजे गाण्यातला खर्ज घुमवणारी पेटी. ही पेटी माझ्या लग्नाच्या आधीची. आवाज कधीच गेलेला, पण मागचा पत्रा तव्यासारखा तापलेला! मी स्क्रू काढले. आतलं सर्किट मधोमध करपलं होतं, तांब्याच्या रेषा सालपटासारख्या सुटल्या होत्या.

"हे बघा!" मी सगळ्यांना गोळा केलं. "गाणं थांबलं की पेटीने आपोआप झोपायला हवं. नेमका तोच भाग जळालाय, म्हणून ही रात्रंदिवस जागी! ज्या कुणी इतकी वर्षं हिचं बटण बंद केलं नाही, त्याला साधा पंखासुद्धा हाताळू देऊ नये!"

चहा ओतणारा सासूबाईंचा हात थबकला. "म्हणजे आता ही तापणार नाही?"

"बर्फासारखी राहील, आई!"

"थोडीसुद्धा नाही?"

"गॅरंटी!"

"अरे देवा!" सासूबाई म्हणाल्या.

मी विनयाने मान झुकवली. कौतुक पचवायची सवय आहे मला.

करपलेला भाग खरवडला, तुटक्या रेषांवर तारा जोडल्या, फुगलेले कपॅसिटर बदलले. आणि पेटी बोलली! काय बोलली महाराजा! खिडकीच्या काचा शहारल्या. सासरेबुवांनी डोळे मिटून अख्खं गाणं ऐकलं आणि मला टाळी दिली. "उद्याच सामान आणा!"

दुसऱ्या दिवशी दुपारी खोकी घेऊन आलो, तर कोपऱ्यावरूनच धडधड ऐकू येत होती. आत सासूबाई स्टुलावर. गुडघा पेटीच्या पत्र्याला टेकवलेला, आवाज पूर्ण सोडलेला. पेटीवर मांजर. ठेक्यागणिक बोटभर उडत होतं, पण जागा सोडत नव्हतं!

"आई, हे काय?" मी ओरडलो.

"गुडघा शेकतेय!" त्याही ओरडल्या. "इतकी वर्षं निमूट शेकत होते. आता ही मेली गाणं थांबलं की झोपते! मोठ्याने लावलं तर जरा कोमट होते!"

"मी शेकायची पिशवी आणून देतो!"

"नको! मला साधा पंखासुद्धा हाताळता येत नाही ना?"

तेवढ्यात शेजारचे दातांचे डॉक्टर हातात आरसा घेऊन धावत आले. "अहो, दात हलतोय की खुर्ची, तेच मला कळेना! दोन पेशंट पळाले! कुणी दुरुस्त केलं हे?"

"आमच्या जावयांनी!" सासूबाई अभिमानाने म्हणाल्या. लग्नानंतर पहिल्यांदाच!

बायको माझ्या कानाशी लागली. "परत बिघडवता येईल का रे?"

"माझी दुरुस्ती? अशक्य!"

मी खोकी उचलून मागच्या खोलीकडे गेलो. दाराला आतून कडी! ठोठावल्यावर फट पडली. फटीत सासरेबुवा. पाठीमागे गादी, वर्तमानपत्रं, चहाचा थर्मास.

"जावईबापू, काम एक नंबर केलंत! फक्त इथेच ती धडधड येत नाही."

"पण बाबा, खोली माझी ठरली होती..."

"तुमचीच आहे! मी नुसता राहतो."

आणि दार लागलं.

तर एकूण हिशेब असा: सासूबाईंना ऊब, मांजराला ऊब, सासरेबुवांना शांतता. डॉक्टरांच्या पळालेल्या पेशंटची भरपाई मात्र माझ्या अंगावर! त्यांची अडकलेली खुर्ची मी सध्या फुकट दुरुस्त करतोय. पहिला स्क्रू काढण्याआधी तेवढं विचारून घेतलं, दुपारचं हिच्यावर कोण झोपतं?