शेवंता सिस्टरांनी शिष्यवृत्ती सर केली, त्याची बखर

श्री. ज्या हातांच्या स्पर्शे ताप उतरतो, त्या हातांस प्रथम नमन. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, ज्येष्ठ वद्य पंचमी, ते दिवसापासोनचा मजकूर सावधान होऊन ऐकावा.

पांढऱ्या चादरींचे एक राज्य होते. त्यास नाव नाही. जेथवर कण्हणे ऐकू येई तेथवर त्याचा अंमल. तेथे चौथ्या वॉर्डाचे ठाण्यावर सिस्टर शेवंता गावित अकरा वर्षे चाकरीस होत्या, आणि नवी मुलगी आली की तिचा हात धरून शीर कोठे सापडते ते दाखवीत, आणि शीर सापडताच ती मुलगी ऐसी हसे की जणू अंधाऱ्या पाण्यात तिला आपलाच चेहरा दिसला. मग शेवंताबाईंचे मनी आले की हेच कार्य रीतसर करावे, परिचर्येची पदव्युत्तर विद्या घ्यावी आणि पाठशाळेत गुरुपदी बसावे. प्रवेश तर मिळाला. परंतु दोन वर्षे बिनपगारी रजा, आणि घरची चूल त्यांच्याच पगारावर पेटे, म्हणोन गतसाली मिळालेली जागा सोडिली होती. यंदा शिष्यवृत्ती न मिळे तर हीही जाणार, आणि पुढे वयाची अट आडवी येऊन दार कायमचे बंद. तों एका विश्वस्त दरबाराने परिचारिकांतून शिक्षक घडविण्यास वृत्ती जाहीर केली, आणि शेवंताबाईंनी अर्ज भरिला, आणि 'शिकविण्याचा अनुभव' या चौकटीत, नेमणुकीचा हुकूम नाही म्हणोन, आडवी रेघ ओढिली. कारण त्या राज्याची रीतच ऐसी की रुग्णाच्या कागदावर रिकामी जागा सोडू नये, मागाहून कोणी काही घुसडील.

सोबतीण फिलोमिना तुस्कानो यांनी तो कागद पाहोन कपाळास हात लाविला. "अगं बाई, मला ड्रिप लावायला शिकवलं कोणी, तुझ्या भुतानं?" "ते काय शिकवणं? ड्युटीच होती ती." "मग बस ड्युटी करत. नवा फॉर्म आण." "एकीला एकच मिळतो." "मग व्हाइटनर लाव!" "वॉर्डात लावतेस कधी?" ऐसे शेवंताबाई वदल्या. मग बहुत विचार करून त्यांनी, राज्याचे कायद्याप्रमाणे चूक न झाकता, रेघेशेजारी 'चुकून ओढली' ऐसे लिहिले, त्यापुढे सही, तारीख, वेळ, आणि समासात शिकविलेल्या मुलींची नावे, एकामागोन एक, जसे सांजवेळी दिवे लागत जावे तैसी.

पुढे मुलाखतीचे दिवशी दरबार भरला. दफ्तरदार रघुनाथपंत अर्ज दोन बोटांनी उचलोन बोलिले, "खाडाखोडीचा अर्ज बाद. नियम आहे, मॅडम." शेवंताबाईंनी त्या रेघेवर बोट ठेविले. "साहेब, आधी काय होतं ते ओळखता येतंय?" "येतंय." "कुणी केलं, केव्हा केलं?" "तुम्ही. मंगळवारी, दुपारी अडीचला." "मग लपलं काय? समजा, तुम्ही चुकून दुप्पट डोस लिहिलात आणि गिरगिटून टाकलात. पुढच्या पाळीची मुलगी काय देईल?" "अंदाजानं देईल." "आणि एकच रेघ मारून शेजारी सही केलीत तर?" "तर... मलाच येऊन विचारेल." ऐसे हळू बोलोन पंतांनी पेन उघडिले, आणि समोरील यादीतील आपलीच एक चूक त्याच रीतीने दुरुस्त करू लागले.

तेसमयी सभेतील निवृत्त मेट्रन इंदुमती कर्णिक, ज्यांच्या चपलांचा आवाज येताच एके काळी वॉर्डचे वॉर्ड ताठ होत, त्या मोठ्याने हासल्या. "अहो पंत, अनुभवाला पुरावा हवा होता ना? करा त्या समासात सही. ताज्या विद्यार्थ्याची साक्ष चालते आम्हाला." पंत लाजले, आणि सही केली, आणि वृत्ती मंजूर जाहली, आणि शेवंताबाई आषाढ शुद्धात पाठशाळेकडे रवाना जाहल्या.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते. ज्या राज्यात शिकविणारी उरत नाही, तेथे खाटा नुसत्या खाटा होऊन राहतात. तेव्हा दरबाराने जे दिले त्यास कोणी दान म्हणू नये; तो राज्याचा बंदोबस्त होय.