मागील सभेचे इतिवृत्त आणि माझा डावा कान

कानात शिट्टी वाजत असताना झोपायचं कसं, या विषयात आख्ख्या ठाणे पूर्वेत माझा हात कुणी धरणार नाही. उपाय मी स्वतः शोधून काढलाय, आणि तो औषधाच्या दुकानात मिळत नाही!

सात महिने माझा डावा कान वाजतोय. कधी डासाएवढा, कधी आत कुणी कुकर लावून गावाला निघून गेल्यासारखा. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, नीट झोपा, आवाज कमी होईल. मी म्हटलं, आवाज कमी झाला तर झोपेन ना! त्यावर त्यांनी उशाशी एखादा एकसुरी आवाज ठेवायला सांगितला. पंखा झाला, किचनची चिमणी झाली, फोनवरचा समुद्र झाला. समुद्रातून मध्येच एक बाई उगवायची आणि साडी घ्या म्हणून ओरडायची. त्यात नयन, माझी अडीच वर्षांची लेक. शिट्टीच्या नादात तिचं रडणं ऐकू आलं नाही तर? या धास्तीने मी रात्रीत बारा वेळा उठून तिच्या नाकाखाली बोट धरायचे. एकदा तिने ते चावलं.

झोपेअभावी मी एकदा नवऱ्याच्या डब्यात पोळ्यांऐवजी घडी केलेले नॅपकिन भरले. संध्याकाळी सुदेश एवढंच म्हणाला, "भाजी छान होती." चांगला आहे तो.

अशात सोसायटीची सभा आली. रविवारी सुदेश खाली उतरायला तयार नव्हता, म्हणून मी गेले. अकरा वर्षं सेक्रेटरी असलेल्या नॉर्मन अंकलनी पार्किंगमध्ये उभं राहून मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला घेतलं. "विषय क्रमांक एक. टाकी धुणेबाबत." आवाज जुन्या फ्रिजसारखा. ना वर, ना खाली. पातेल्यावर त्याचंच झाकण बसावं तसा तो माझ्या शिट्टीवर बसला, आणि दुसऱ्या विषयाला मी गाढ झोपले! प्लास्टिकच्या खुर्चीत, ताठ, पोथी ऐकावी तशी. चाळीस मिनिटं.

रेकॉर्ड करून घ्यायचं सुचलं नाही का, असं विचाराल. सुचलं. पण फोनमध्ये अंकलचा आवाज पत्र्यासारखा यायचा आणि माझी शिट्टी त्याच्याशी जुगलबंदी करायची.

पुढची सभा तीन महिन्यांनी होती. एवढा धीर कुणाला? मी अर्ज दिला, कबुतरांबाबत विशेष सभा बोलवावी. अंकलचे डोळेच भरून आले. अकरा वर्षांत कुणी त्यांच्याकडे आपणहून सभा मागितली नव्हती. मग लिफ्टच्या आरशाबाबत सभा. मग कुंड्यांबाबत. मग कुंड्यांच्या ठरावाच्या फेरविचाराबाबत. पाच रविवार, पाच सभा! माझ्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली आणि ती इतर मेंबरांच्या डोळ्यांखाली आली. तळमजल्यावरच्या मालनताईंनी मला जिन्यात गाठून विचारलं, तुला घरी काही कामं नसतात का गं?

सहाव्या सभेत निवडणूक होती. मी अर्थातच झोपले होते. काय घडलं ते नंतर मालनताईंनी सांगितलं. अंकलनी आपण पद सोडतोय असं जाहीर केलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "ही पोर डोळे मिटून शब्दन् शब्द ऐकते. समीक्षा, घेशील ना जबाबदारी?" झोपेत माझी मान खाली गेली. टाळ्यांनी मला जाग आली, तेव्हा मांडीवर सोसायटीचा शिक्का होता.

आता वाचणार कोण? मी! आणि वाचता वाचता झोपणार कशी? धावत अंकलच्या घरी गेले आणि सगळं खरं सांगून टाकलं. कान, शिट्टी, नॅपकिन, सगळं. म्हटलं, सह्या मी करते, वाचत तुम्हीच राहा.

अंकलनी हातातली वही मिटली.

"म्हणजे तू ऐकत नव्हतीस?"

"नाही, अंकल."

"एकदापण?"

"टाकी धुण्यापर्यंत ऐकलं होतं."

आतून डोरोथी आंटी म्हणाल्या, "अगो, मी चाळीस वर्षं ह्याच आवाजावर झोपते."

तेवढं त्यांनी बोलायला नको होतं. अंकलनी इतिवृत्ताची वही माझ्या हातात दिली आणि दार लावून घेतलं.

पुढच्या रविवारी मी उभी राहिले. गंमत बघायला झाडून सगळे आले होते. मला धीर द्यायला सुदेश नयनला घेऊन आला होता. अंकल पहिल्या रांगेत हाताची घडी घालून, चुका काढायच्या तयारीत. माझा आवाज थरथरत होता. ते कळू नये म्हणून मी सपाट सुरात वाचत सुटले.

तिसऱ्या विषयाला मालनताईंची हनुवटी छातीला टेकली. चौथ्याला सुदेश घोरू लागला. अंकलचं तोंड उघडं पडलं. आणि नयन, जी दिवसा चार गोष्टी, दोन गाणी आणि एक धमकी झाल्याशिवाय कधी झोपलेली नाही, ती अंकलच्याच मांडीवर आडवी होऊन झोपली होती. आख्ख्या पार्किंगमध्ये जागी मी एकटी. मी आणि माझी शिट्टी!

विषय संपले. मी थांबले. नयनने डोळे किलकिले केले.

मी घाईघाईने वहीचं पहिलं पान उघडलं आणि अकरा वर्षांपूर्वीच्या सभेपासून वाचायला सुरुवात केली.