माधवरावांची कॅसेट

माधवरावांनी कॅसेट भरायचं ठरवलं ते केवळ संध्याकाळचा चहा निवांत पिता यावा म्हणून. जिंतूरच्या एका सरकारी कचेरीत ते कारकून होते आणि कचेरी सुटल्यावर पोरांना व्हायोलिन शिकवत. पण शिकवून घरी आले, की दारात कुणी ना कुणी उभं असायचंच. पुढचा सूर कोणता, गज कुठून ओढायचा, शंका काही संपत नसत. तेव्हा सगळा धडा आपणच वाजवून कॅसेटमध्ये भरावा आणि ती पोरांच्या हवाली करावी, असा त्यांनी विचार केला. (माधवरावांचे विचार नेहमी चांगलेच असत. जे काही व्हायचं ते पुढे व्हायचं.)

हा क्लास आधी त्यांच्या घरीच भरायचा. सुमनबाई तशा सोशिक बाई. पण सगळी पोरं मिळून गज ओढायला लागली, की शेजारची म्हैस दूध चोरायची, तिथं माणसाचं काय? शेवटी एक दिवस त्यांनी शांतपणे सांगून टाकलं, की एक तर क्लास बाहेर जाईल, नाहीतर त्या पेडगावला माहेरी जातील. त्या शांतपणे बोलल्या की माधवरावांना जास्त भीती वाटे.

त्यांच्या मदतीला धावून आले व्यंकटराव. ते कापसाचे व्यापारी. दुकानावरची रिकामी खोली त्यांनी क्लासला फुकट दिली, अट एकच, की त्यांच्या मुलीनं, सुनेत्रानं नवरात्रात देवीपुढं व्हायोलिन वाजवायचं. पोरीला आलं नाही तर खोलीत सरकीची पोती रचायची हे त्यांनी हसत हसत सांगितलं होतं, पण व्यापाऱ्याचं हसणं माधवरावांना कळत होतं. झोपेतसुद्धा त्यांना आधी ती पोती दिसत आणि मग पेडगावची एसटी.

क्लास गेला, तरी सुमनबाईंच्या कानातली कुईकुई काही गेली नाही. विशेषतः सकाळी स्वयंपाकाच्या वेळेला त्यांना ती स्पष्ट ऐकू येई. परभणीच्या डॉक्टरांनी कान तपासून थेंबांची बाटली दिली. माधवरावांना बायकोची फार काळजी वाटली, आणि त्याच काळजीत एका सकाळी घरी रियाजाला बसले असताना त्यांनी शेजाऱ्यांकडून आणलेल्या टेपवर सगळा धडा भरून घेतला. पहिली कॅसेट अर्थातच सुनेत्राला दिली आणि बजावलं, की रोज तासभर ही लावायची आणि तिच्याबरोबर वाजवायचं.

मग चमत्कार झाला. सुनेत्राची आई चांगुणाबाई ज्याला त्याला सांगू लागली, की पोरगी शाळेतून आली की दार लावून घेते आणि तासभर व्हायोलिन सोडत नाही. माधवरावांची छाती फुगली. व्यंकटराव मात्र हैराण होते. एवढी मेहनत करून कानाला गोड का लागत नाही, हे त्यांना उमगेना. पोरगी समोर लाजते, तेव्हा सरांनी एकदा गुपचूप येऊन बाहेरून ऐकावं, असं त्यांनी सुचवलं.

त्याप्रमाणे माधवराव ओसरीवर येऊन बसले. चहा आला आणि आतून व्हायोलिन सुरू झालं. माधवरावांनी डोळे मिटले.

"सर, खरं सांगा," व्यंकटराव हळूच म्हणाले. "माझी पोर हाय म्हणून भीड धरू नका."

आता इथं माधवरावांमधला कारकून जागा झाला. आज वाखाणणी केली आणि नवरात्रात पोरगी चुकली, तर ठपका आपल्यावर येणार. कचेरीत जो आधी शेरा मारून ठेवतो तो कायम सुरक्षित असतो. तेव्हा त्यांनी मान हलवली आणि सुरुवात केली. गज दाबून धरला आहे. गांधार उतरला आहे. हात इतका जड आहे, की वाजवणारं माणूस लाकूड कापायला बसलंय असं वाटतं. आणि शिकवणीचा काही दोष नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

"मुळात कानच तयार न्हाई," माधवराव म्हणाले. "असल्या वाजवणाऱ्याला मी तर वर्षभर कुणापुढं बसू देणार न्हाई."

एवढ्यात लाइट गेली आणि व्हायोलिनही थांबलं.

(पंधरा-वीस किलोमीटरवर येलदरीला वीज तयार होते आणि जिंतूरची लाइट जाते, याचं गावात कुणाला काही वाटत नसे. व्हायोलिन थांबल्याचं मात्र व्यंकटरावांना वाटलं.) पोर अंधाराला भ्याली असेल, असं माधवराव समजुतीनं म्हणाले. तेवढ्यात लाइट आली. आतून आधी रेड्यानं रेकावं तसा घोगरा आवाज निघाला, मग तो चढत चढत बरोबर त्याच गांधारावर येऊन पोचला. पाठोपाठ कुणीतरी जोरात खोकलं, आणि एका बाईचा आवाज आला.

"अहो, दूध उतू जायलंय."

"तूच बघ की. मी रेकॉर्डिंग करायलोय."

माधवरावांना पृथ्वीनं पोटात घ्यावं असं वाटलं. चांगुणाबाईनं दार उघडायला लावलं, तेव्हा सुनेत्रा पलंगावर पडून बोरं खात होती. सरांनीच रोज कॅसेट लावायला सांगितलंय, असं ती म्हणाली. पुढचं अर्धं वाक्य ती विसरली होती.

व्यंकटरावांनी तिला तिथंच वाजवायला बसवलं. आणि पोरीनं वाजवलं. ऐकून ऐकून तिला सगळा धडा पाठ झाला होता. गज तसाच दाबलेला, गांधार तसाच उतरलेला. मधे एका जागी ती थांबली, खोकली आणि पुन्हा सुरू झाली.

"नमुनाच किडका असल तर कापसाच्या गाठीला काय बोलावं, सर?" व्यंकटराव म्हणाले. "खोली तुमचीच राहू द्या. पण नवरात्रापस्तोर रोज सकाळी तिथं आधी तुमी एकट्यानं बसायचं. मग पोरीला नवी कॅसेट द्यायची."

माधवराव घरी आले. खोली वाचली एवढंच सांगायचं त्यांनी ठरवलं होतं, पण सुमनबाईंनी चेहरा बघून सगळं काढून घेतलं. त्या हसल्या नाहीत. थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, "म्हंजे माझ्या कानाला काईच झालं न्हवतं."

मग त्यांनी पोरांना उगीच बाहेर काढल्याबद्दल हळहळ व्यक्त केली आणि उद्यापासून क्लास खुशाल घरी भरू द्या, तुमी तेवढे रियाजाला खोलीवर जावा, असं सांगितलं. सुमनबाईंनी फळीवरची थेंबांची बाटली काढली, पदरानं पुसली आणि माधवरावांच्या हातात दिली.

"ही चांगुणाबाईला नेऊन द्या," त्या म्हणाल्या. "कॅसेट त्यांच्याकडं हाय ना."